तिथे कुणी जात नाही

स्प्लिट, १४ ऑक्टोबर २०१८

प्रिय काका,

फोनवर तुम्ही ओरडता, मी ठेवून देते, आणि मग काकू मला बोलते. म्हणून या वेळी तुमचंच ऐकून कागदावर लिहिते आहे. बातमी चांगली आहे. किनारा आणि समुद्राच्या आराखड्याचा मसुदा तयार झाला. येत्या आठवड्यात तो आपल्या बेटावर, पोद्कामेन गावात चर्चबाहेरच्या फलकावर लागेल, पण माझ्या काकांना तो आधी माझ्याकडून कळायला हवा.

मार्चमध्ये मी नकाशे घेऊन आले होते, आठवतं ना? आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये टेबलं जोडून ते पसरले, गावातल्या प्रत्येक मच्छीमाराच्या हातात निळी पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुम्ही जिथे जाळी आणि गळ टाकता तेवढं पाणी रंगवा. तुम्ही सगळ्यांनी बेटाच्या दक्षिणेचं, कड्यांखालचं पाणी रंगवलंत. इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही गावात पाहिलं नाही. बाकी ठिकाणी माणसं पेन्सिलींनी एकमेकांना भोसकायची बाकी होती. साहेब म्हणाले, हे गाव एकजुटीचं दिसतं. मी म्हटलं, माझंच आहे.

तर दक्षिणेचा तो सगळा समुद्र आता फक्त मासेमारीसाठी राखून ठेवला आहे. हॉटेल नाही, पिंजरे नाहीत, नांगरलेल्या नौका नाहीत. तुम्ही मागितलं तेवढं सगळं दिलं.

मत्स्यपालनाचे पिंजरे बेटाभोवती कुठेतरी टाकावेच लागणार होते. कंपनी कधीची मागे लागली आहे. आमच्याकडे जमिनीचा आराखडा एका खोलीत होतो आणि समुद्राचा दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांना वाटतं की जग किनाऱ्यावर संपतं. समुद्रवाले पिंजरे आखतात, पण खाद्याची पोती कुठल्या धक्क्यावर उतरणार ते बघत नाहीत. जमीनवाले हॉटेल आखतात, पण त्याचं सांडपाणी कुणाच्या जाळ्यात जाणार ते विचारत नाहीत. हे दोन कागद एकमेकांना शिवणं हे माझं काम. बहुतेक ठिकाणी शिवण उसवते. पोद्कामेनला मात्र ती सुरेख बसली. कारखान्याच्या खाडीत तारली मासे खारवायचा जुना कारखाना पडीक आहे, रस्ता आहे, धक्का आहे, म्हणजे नवी जमीन मोडायला नको. आणि समोरच्या पाण्यात तुमच्यापैकी एकाचीही निळी रेघ नाही. म्हणून पिंजरे तिथे. कारखान्याचं धुराडं तेवढं पाडावं लागेल.

हरकती आणि सूचना जानेवारीअखेरपर्यंत देता येतात. तुमची काही असणार नाही म्हणा. काकूला सांगा, अंजीर पोचले, अर्धे ऑफिसात संपले.

तुमची पेरिना

~

पोद्कामेन, २ नोव्हेंबर २०१८

पेरिना,

हरकत आहे.

ते धुराडं पाडायचं? कुणी ठरवलं? त्या धुराड्याखाली या गावाच्या बायका तीन पिढ्या खारवणीत कोपरापर्यंत हात बुडवून उभ्या राहिल्या. तुझी आजी तिथे उभी होती. तुझी काकू लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत तिथे उभी होती आणि चर्चमध्ये तिच्या बोटांना तारल्यांचा वास होता, मी शपथेवर सांगतो. ऑस्ट्रियाचे लोक आले आणि गेले, इटलीचे आले आणि गेले, युगोस्लाव्हिया आला आणि गेला. ते धुराडं उभं राहिलं. आणि आता कुठलीशी कंपनी येणार, प्लास्टिकच्या गोल पिंजऱ्यात मासे कोंडणार, आणि त्यासाठी गावाचा कणा मोडून टाकायचा? हे मी होऊ देणार नाही. हे मी चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं आणि लोकांनी ऐकून घेतलं.

शेजारचा येर्को तेवढा हसला. दुकानात सगळ्यांसमोर म्हणतो, "लुक्शा, आता तू धुराड्यासाठी रडणार? तूच म्हणायचास, गावाच्या तोंडातला हा किडका दात कधी पडतो कोण जाणे."

मी म्हटलं, "आणि तू रे? तूही हरकत घेतलीस म्हणे. पिंजऱ्यांच्या दिव्यांनी शेळ्या बुजतील. तुझ्या शेळ्या मरून किती वर्षं झाली?"

"पुन्हा पाळणार आहे," म्हणाला, आणि पाव घेऊन निघून गेला.

तर तू असं कर. पिंजरे दुसरीकडे टाक. कुठे ते तू ठरव, शिकलेली आहेस. दक्षिणेला टाकलेस तरी चालतील, आम्ही कुरकुरणार नाही. कारखान्यासमोरच्या पाण्याशी आमचं काही देणंघेणं नाही, गैरसमज नको. हिवाळ्यात आमच्या घरात जे शिजतं ते कुठून येतं हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तू विचारू नकोस, तुझ्या वडिलांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

धुराडं पाडायचं नाही.

तुझा काका
लुक्शा

~

स्प्लिट, २५ नोव्हेंबर २०१८

प्रिय काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला काही कळलं नाही. दक्षिणेचा समुद्र तुमचा आहे असं तुम्हीच रंगवून दिलंत, मी तो राखून ठेवला, आणि आता तुम्ही म्हणता तिथेच पिंजरे टाका?

आणि तुम्ही एकटे नाही. पोद्कामेनहून हरकतींचा गठ्ठा आला आहे. एकाला वाटतं खाद्याच्या वासाने ऑक्टोपस किनाऱ्यावर चढतील. एकाच्या बायकोला दमा आहे. एकाने लिहिलंय की त्याला लहानपणापासून त्या खाडीकडे बघण्याची सवय आहे आणि सवय मोडली की माणूस आजारी पडतो. येर्को काकांच्या शेळ्या आहेतच. मासेमारीचा शब्द एकाही कागदावर नाही. ऑफिसातली मुलं हे कागद मोठ्याने वाचून हसतात. मी हसत नाही, पण मला उत्तरही देता येत नाही, कारण गाव संतापलं आहे एवढं दिसतं, कशावर ते दिसत नाही.

तुमच्या हरकतीचं मात्र मी केलं. पत्रातला तो खारवणीचा भाग बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वारसा विभागाचा माणूस लगेच म्हणाला, धुराडं संरक्षित करू. कंपनीही कबूल झाली. गोदाम शेजारी बांधणार, धुराड्याला हात लावणार नाही. त्यावर धातूची पाटी लागेल. काका, तुम्ही जिंकलात.

आता माझ्यासाठी एक करा. डिसेंबरात तांत्रिक समिती बसते. त्याआधी मला एका ओळीत लिहून पाठवा: कारखान्यासमोरच्या पाण्यात कुणी मासे धरतं का? हो असेल तर हो लिहा, मी तिथले पिंजरे हलवण्यासाठी भांडेन. नाही असेल तर नाही लिहा आणि मला शांतपणे झोपू द्या.

आणि हे फक्त तुमच्यात-माझ्यात: त्या कारखान्यात काकूच्या आधी कुणी होती का? असेल तर मी कुणाला सांगणार नाही.

तुमची पेरिना

~

पोद्कामेन, ९ डिसेंबर २०१८

पेरिना,

तू धुराडं वाचवलंस. गाव तुझं आभारी आहे. पाटी लावा, पाटीवर फुलं वाहा.

आणि नाही, कुणी नव्हती. असले प्रश्न काकाला विचारतात का?

तुझं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा सापडत नव्हता, म्हणून काकूला मोठ्याने वाचायला लावलं. ती वाचत होती आणि येर्को मीठ मागायला दारात येऊन उभा राहिला, आम्हा दोघांनाही कळलं नाही. तुझा प्रश्न त्याने ऐकला. मग उत्तरही त्याच्यासमोरच द्यावं लागलं. जे त्याच्यासमोर बोललो तेच इथे लिहितो, म्हणजे पुढे कुणी मला दोन तोंडांचा म्हणायला नको.

नाही. तिथे कुणी जात नाही.

गुरुवारी सेंट निकोलसच्या सणाला धक्क्यावर नेहमीसारखी जुनी होडी जाळली. लाकूड ओलं होतं, धूर फार झाला. यंदा कुणी गायलं नाही.

लुक्शा

~

पोद्कामेन, १६ डिसेंबर २०१८

पेरिना बाळा,

मी पत्र लिहिते आहे हे तुझ्या काकाला माहीत नाही. तो धक्क्यावर जाळं सांधतो आहे. ते जाळं फाटलेलंच नाही.

त्याने तुला नाही असं लिहिलं. दारातून येर्को म्हणाला, "बरोबर आहे, तिथे काय आहे, दगड," आणि मीठ न घेताच गेला. त्या रात्री तुझ्या काकाने ताटातली ब्लित्वाची पालेभाजी नुसती इकडची तिकडे केली. त्याने आयुष्यात अन्न टाकलेलं मी पाहिलेलं नाही. त्याच्या आईच्या मयतीच्या दिवशीसुद्धा दोनदा घेतलं होतं.

तो कुठे जातो हे लग्न झाल्यापासून मी विचारलं नाही. या गावात बायका विचारत नाहीत. पण डिसेंबरात दक्षिणेच्या कड्यांखाली कुणीच जात नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दक्षिणेचा यूगो वारा सुटला की होडी कड्यावर आपटून चुरा होईल. आणि हा डिसेंबरात पहाटे जातो, दुपारच्या आत परत येतो, आणि होडीत लालभडक मोठे मासे असतात. दक्षिणेहून दुपारच्या आत परत येता येत नाही. यापुढचं तू बघ.

एक गोष्ट मला कळत नाही. गावातला प्रत्येक बाप्या असाच फिरतो आहे. येर्कोची बायको सांगत होती, तोही जेवत नाही. प्रत्येकाचं तोंड असं की आपल्या एकट्याचंच काही गेलं आहे.

नाताळला सुक्या माशाचं बाकालार करणार आहे. ये.

काकू विंका

~

स्प्लिट, १२ जानेवारी २०१९

काका,

तुमचं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. "तिथे कुणी जात नाही." सही तुमची, हस्ताक्षर तुमचं. मी म्हटलं, या माणसाने त्या बेटाभोवती सगळं आयुष्य काढलं आहे आणि तो माझा काका आहे. तो म्हणतो तर तसंच असणार. समितीने पिंजऱ्यांना मान्यता दिली. आम्ही हात मिळवले. घरी आले तर काकूचं पत्र आलेलं होतं, नाताळच्या टपालात कुठेतरी अडकून राहिलेलं.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू या गावाच्या फार जवळची आहेस, पोद्कामेनची सुनावणी तू घेणार नाहीस. दुब्राव्का बाई जातील. त्या झाग्रेबच्या आहेत, समुद्र त्यांनी सुट्टीत पाहिला आहे. सुनावणी २ फेब्रुवारीला, बंबाच्या हॉलमध्ये. त्यानंतर आराखडा बंद होतो आणि दहा वर्षं उघडत नाही.

मला फक्त एवढं सांगा: दक्षिणेला काही आहे का? तो निळा पट्टा मी माझ्या हाताने राखीव केला. मी त्यासाठी हॉटेलवाल्यांशी भांडले. मी काय राखलं काका? लबाडी?

तुम्ही मला एक सांगता, काकू दुसरं सांगते, गाव तिसरंच सांगतं, आणि मी बसून त्याची शिवण घालते. तुम्हाला त्या पाण्यासाठी पिंजरे हलवून हवे असतील तर २ तारखेला उठून जागा सांगावी लागेल. इथल्या कागदांना राग कळत नाही, भाषण कळत नाही. त्यांना जागा कळते. तिथे बोट ठेवावं लागेल, सगळ्यांसमोर, येर्को काकांसमोरसुद्धा. नाही ठेवलंत तर पुढच्या हिवाळ्यात तिथे पिंजरे असतील, आणि ते तुमच्या शब्दावर आलेले असतील.

पेरिना

~

पोद्कामेन, ४ फेब्रुवारी २०१९

पेरिना,

आधी तुझ्या शब्दाचं उत्तर देतो, मग सुनावणीचं सांगतो.

लबाडी नाही. तू आम्हाला एका टेबलाभोवती बसवलंस, खांद्याला खांदा लावून, आणि म्हणालीस, तुझ्याकडे जे आहे ते शेजाऱ्यासमोर दाखव. स्प्लिटच्या माणसाला असं विचारलं असतंस का, की तुझं सोनं कुठे ठेवतोस, इथे निळी रेघ मार? तुला आमच्या चिठ्ठ्या ठाऊक आहेत. वसंतात टोपीत हात घालायचा, जी खाडी निघेल ती त्या वर्षी आपली. चांगली खाडी एकाच घरात राहू नये म्हणून ही पद्धत, आणि ती न्यायाची आहे, तुमच्या कुठल्याही कायद्याहून न्यायाची. पण कारखान्यासमोरच्या बुडीत खडकाची चिठ्ठी टोपीत कधीच नव्हती. चिठ्ठीतली जागा सगळ्यांची. खडक माझा होता. माझ्या बापाने तो मला दिला. मग मी माझी पेन्सिल दक्षिणेला चालवली. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्यांनीही तिकडेच चालवली. मला वाटलं, मूर्ख आहेत, मला बघून रंगवतात.

आता ऐक.

हॉल भरला होता. दुब्राव्का बाईंनी भिंतीवर मोठा नकाशा लावला. पिंजऱ्यांचा चौकोन लाल. म्हणाल्या, "या जागेबद्दल कुणाला बोलायचं आहे?" खुर्च्या करकरल्या. येर्को टोपीचं अस्तर तपासत होता.

मी उठलो आणि बोललो. रोमन लोकांपासून सुरुवात केली, तुला माहीत आहे मी कसा बोलतो. समुद्र विकत घेता येत नाही म्हणालो, आणि तो भाड्याने देणाऱ्याला विचारायला हवं की तुला तो कुणी दिला. ज्या आराखड्यात माणसं नाहीत तो रंगीत कागद आहे म्हणालो. टाळ्या पडल्या. वाईट बोललो नव्हतो.

बाई थांबल्या, आणि अगदी नीट, अपमान न करता म्हणाल्या, "फार छान बोललात. पण कुठे?"

"म्हणजे काय, कुठे?"

"तुम्ही मासे कुठे धरता? या, इथे बोट ठेवा."

मी गेलो, पेरिना. ठरवूनच आलो होतो, तुला 'नाही' लिहिलं त्या दिवसापासून काकू माझ्याशी बोलत नव्हती. नकाशासमोर उभा राहिलो. आणि मला काही कळेना. तो नकाशा वरून बघतो, विमानातून बघावं तसा. मी बेट वरून कधी पाहिलेलंच नाही. मी ते होडीतून पाहिलं आहे, आडवं, एकामागे एक सरकणारं. माझा खडक त्या निळ्या कागदात कुठे असेल? खोटं रंगवायला कुठलीही जागा चालते. खरी एकच असते, आणि ती मला सापडेना. बोट वर नेलं, खाली आणलं. मागे कुणीतरी खोकलं. बाईंना वाटलं मला बरं वाटत नाही, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग मी नकाशाला पाठ केली, डोळे मिटले आणि बोललो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती जागा मोठ्याने बोललो. "कारखान्याचं धुराडं सरकत सरकत सेंट रोकाच्या चॅपेलची घंटा झाकतं," म्हणालो, "आणि..."

पुढचं तोंडातून बाहेर पडेना. जमिनीवरची एक खूण म्हणजे पाण्यावर नुसती रेघ. दुसरी दिली की जागा गेली.

तेव्हा मागून येर्को म्हणाला, "आणि खाडीच्या टोकामागून कुत्र्याचा कडा एक होडीभर उघडा दिसतो."

मी डोळे उघडले.

तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "होडीभर नाही. वल्हंभर."

"होडीभर," येर्को म्हणाला. "वल्हंभर उघडल्यावर टाकशील तर जाळं चिखलात जाईल."

"तुझं जाईल."

"ओहोटी असेल तर दोन वल्ही," आणखी कुणी म्हणालं. हॉलभर बोलणं सुरू झालं. सगळ्यांना येत होतं, पेरिना. एकूण एक बाप्याला, पाठ. सगळे वल्ह्यावरून भांडत होते.

मी येर्कोजवळ गेलो. "तुला कुणी सांगितलं?"

"बापाने. मरताना. म्हणाला, हे फक्त आपल्या घरात आहे."

"मला माझ्या बापाने तेच सांगितलं."

"मग दोघंही खोटं बोलले," म्हणाला. "नाहीतर दोघांनाही तसंच वाटत होतं."

तू विचारशील, तुम्ही एकमेकांना तिथे कधी पाहिलं नाहीत का? पाहिलं ना. कितीदा. दुसऱ्याची होडी दिसली की मी तोंड फिरवून पुढे निघून जायचो, जसा काही दुसरीकडेच चाललो होतो. मला वाटायचं तो वाऱ्याने भरकटून आला आहे. त्याला माझ्याबद्दल तेच वाटायचं. माणूस इतकी वर्षं भरकटतो का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

बाई मात्र हुशार निघाल्या. त्यांनी एवढ्या गलक्यात धुराडं शोधलं, चॅपेल शोधलं, पट्टी ठेवून पाण्यापर्यंत रेघ ओढली. मग टोक आणि कडा, दुसरी रेघ. दोन्ही रेघा लाल चौकोनात अगदी मधोमध एकमेकींना छेदून गेल्या. त्या पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे तुम्ही मार्चमध्ये का नाही सांगितलंत?"

लोक टोप्या घालायला लागले.

पुढे काय होणार ते तू लिही.

काका

~

स्प्लिट, ३० मार्च २०१९

प्रिय काका,

पिंजरे येणार नाहीत. तुमच्या दोन रेघा दुब्राव्का बाईंनी अहवालाला जोडल्या. साहेब म्हणाले, समुद्रातली जागा जमिनीवरून दाखवणारा कागद त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. पिंजरे दक्षिणेला हलवायचा विचार झाला, पण कंपनीच्या लोकांनी कडे पाहिले आणि हसले. काकूने लिहिलं होतं तेच म्हणाले, इथे यूगो सगळं फोडून टाकेल. ते दुसऱ्या बेटाकडे गेले. तुमच्या गावातल्या ज्या मुलांना गोदामात नोकरी लागणार होती त्यांना आता स्प्लिटला यावं लागेल. एकाच्या आईचा मला फोन आला होता. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं.

दक्षिणेचा पट्टाही राखीवच राहिला. तो काढायचा तर नवी सुनावणी लागेल, आणि तिथे काही नाही म्हणून राखू नका असं सांगायला गावातून कुणी येईल असं वाटत नाही. म्हणजे आराखड्यात आता तुमच्या दोन जागा आहेत, एक खरी आणि एक खोटी, आणि दोन्हींचा निळा रंग सारखाच आहे.

एक गोष्ट सांगायचं टाळत होते. आराखडा सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही घरी बसून संगणकावर तो उघडेल, त्या जागेवर टिचकी मारेल, तर अक्षांश-रेखांशांसकट बिंदू दिसेल, खाली लिहिलेलं: "पारंपरिक मासेमारीची जागा." मी विचारलं, नुसता मोठा गोल काढता येईल का? म्हणाले, मोठा गोल काढला तर त्यात कायद्याने काहीच अडवता येत नाही. राखायची तर जागा नेमकी हवी, आणि नेमकी असेल तर ती सगळ्यांना दिसते. या कायद्याच्या बाजूने मी स्वतः भाषणं केली आहेत, तुमच्याइतकी चांगली नाहीत.

मी ते वाचवलं की उधळलं, मला कळत नाही. साहेब अभिनंदन करतात तेव्हा मी थँक्यू म्हणते.

तुमची पेरिना

~

पोद्कामेन, १९ मे २०१९

पेरिना बाळा,

धुराड्यावर पाटी लागली. सरळ लावलेली नाही, पण आहे.

काल पहाटे खडकावर गेलो. धुराडं घंटेवर आलं, कडा उघडायला लागला, मी इंजिन मंद केलं, आणि बघतो तर तिथे एक पांढरी होडी आधीच नांगर टाकून उभी. शहरातला माणूस, डोक्याला पट्ट्याने बांधलेला दिवा, तो अजून चालूच. मी सवयीने होडी वळवली, दुसरीकडे निघाल्यासारखी.

त्याने हाक मारली. "काका, या ना, जागा आहे."

मी थांबलो. तो स्प्लिटचा दंतवैद्य निघाला. सुट्टीला आला होता. त्याने मला फोन दाखवला. पडद्यावर एक निळा ठिपका, त्याखाली आमची जागा, आणि त्यावर लुकलुकणारा तो स्वतः. "बरोबर आहे ना?" म्हणाला. मी म्हटलं, थोडं पुढे. ते मी का म्हणालो मला माहीत नाही. त्याने ऐकलं, थोडं पुढे सरकला. मी नांगर टाकला. तो सगळा वेळ फोनकडे बघत होता. जमिनीकडे त्याने एकदाही मान वळवली नाही. पण माणूस वाईट नव्हता. कॉफी दिली. माझ्या वरच्या दाढेकडे बघून म्हणाला, ही काढायला हवी.

मला त्याचा राग यायला हवा होता. घरून निघताना मी राग तयार ठेवला होता, कुणीतरी असं भेटणारच म्हणून. भाषणही पाठ होतं, समुद्र कुणाचा ते. ते बोललो असतो तर त्याने ऐकून घेतलं असतं आणि म्हणाला असता, "म्हणजे माझाही ना?" मग मी काय सांगणार होतो? मी चर्चच्या पायऱ्यांवर तेच तर सांगत आलो आहे. म्हणून नुसता गळ सोडला. त्याला एक मिळाला, मला दोन.

सूर्य वर येत होता तेव्हा टोकावरून येर्कोची होडी आली. इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखेन. त्याने आम्हा दोघांना पाहिलं. मला वाटलं, आता वळेल. इतकी वर्षं तो वळतो, मी वळतो, आणि दोघंही संध्याकाळी दुकानात भेटून म्हणतो, आज कुठे गेलोच नाही.

तो वळला नाही. इंजिन बंद केलं आणि होडी नुसती वाहू दिली, माझ्या बाजूला येईपर्यंत. टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग म्हणाला, "लुक्शा, जागा आहे का?"

हा प्रश्न मला आयुष्यात त्या पाण्यावर कुणी विचारलेला नव्हता. मी दंतवैद्याकडे बघितलं, तो फोनमध्ये होता. येर्कोकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता, उत्तर तिथून येणार असल्यासारखा. मी उठलो, नांगराचा दोर थोडा आत ओढून घेतला, आणि होडी एका होडीइतकी बाजूला सरकू दिली.

तुझा काका
लुक्शा